संरक्षक भिंतीच्या टेकूला सळई किती?



पवनाकाठचे पिंपळे गुरव आता शहरात गेले. पण मावळ-खेडकडे ओढ्याकाठी गोठा बांधायचा, भराव थोपवायचा, ही कामे चालूच आहेत. त्यासाठी काँक्रीटची भिंत घालतात, तिला टेकू देतात. मिस्त्री त्याला बट्रेस म्हणतो. "टेकू नुसता दबतो, त्याला लोखंड कशाला?" असे म्हणून तिथली सळई वाचवली जाते. त्याच टेकूखाली आपली जनावरे बांधलेली असतात, म्हणून हा विषय घेतला.

आधी टेकू कुठल्या बाजूला आहे ते बघा. भरावाच्या उलट, मोकळ्या बाजूला असेल तर तो दबतो. मातीच्या बाजूला, भरावात गाडलेला असेल तर भिंत त्याला ओढते. अशा टेकूला किमान सळईवर भागत नाही. मातीचा दाब धरून इंजिनियरकडूनच हिशेब करून घ्यावा.

मग दबणाऱ्या टेकूलाही सळई का? काँक्रीट वाळताना आकसते. खाली पाया त्याला धरून ठेवतो, मग ते तडकते. ऊनपावसाने तडा वाढतो. पुरेशी सळई असली म्हणजे एका मोठ्या भेगेऐवजी केसासारख्या बारीक भेगा पडतात. सळई फारच कमी असली, तर काँक्रीट तडकताच सगळा ताण तिच्यावर येतो आणि ती तुटते. मग इशारा मिळत नाही.

सन २००० च्या भारतीय मानक ४५६ मध्ये भिंतीसाठी प्रमाण दिले आहे. बारीक टीएमटी सळई वापरली तर उभी शेकडा ०.१२ आणि आडवी शेकडा ०.२०. आडवी जास्त, कारण आकसणे लांबीत जास्त अडते. टेकूलाही निदान हेच धरावे. २३० मिलिमीटर, म्हणजे नऊ इंची जाडी घ्या. आठ मिलिमीटरची सळई दोन्ही अंगांना, आडवी दर २०० मिलिमीटरला, उभी दर ३०० मिलिमीटरला बसते. ही खालची हद्द झाली. भिंत उंच असेल तर जास्त लागेल.

कोणी म्हणेल, धरणाला कुठे एवढे लोखंड असते? खरे आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयना धरणाला तडे गेले, तेव्हा मागून काँक्रीटचे टेकू देऊन ते बळकट केले. भंडारदऱ्यालाही १९६९ च्या त्रासानंतर तसेच टेकू दिले. पण तिथे काँक्रीटचे वजन डोंगराएवढे. आपल्या नऊ इंची भिंतीला ते वजन कुठून आणणार?

काम चालू असताना स्वतः उभे राहून तीन गोष्टी बघा. पायातून वर काढलेल्या उभ्या सळया टेकूत गेल्या का? टेकूच्या आडव्या सळया भिंतीत पुरेशा आत वळवून अडकवल्या का? नाहीतर टेकू भिंतीपासून सुटतो, मग तो असून नसल्यासारखा. सळईवर काँक्रीटचे झाकण भिंतीत ३० आणि पायात ५० मिलिमीटर राहिले का? खाली काँक्रीटचे गट्टू ठेवा, विटांचे तुकडे नकोत.

भिंतीत पाणी निघायला नळ्या आणि मागे खडी द्या. काळी माती भिजली की फुगते, आणि साठलेल्या पाण्याचा जोर वेगळाच. काँक्रीटवर निदान सात दिवस पाणी मारा, मिश्र सिमेंट असेल तर दहा दिवस. भराव त्यानंतर सावकाश, थराथराने टाका.