कारखाना जातो, शिक्षण राहते



मुलगा दहावी झाला की पालक शाळेत येतात आणि विचारतात, "सर, याला कुठल्या कंपनीत चिकटवता येईल?" प्रश्न गैर नाही, घरची ओढाताण आम्हां शिक्षकांनाही दिसते. परंतु ती कंपनीच बंद पडली तर पुढे काय, हे फारसे कोणी विचारीत नाही. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरणी कामगारांवर काय पाळी आली, ते आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. अशा वेळी सरकार काय करू शकते, हे समजण्यासाठी जर्मनीतील बोखुम शहराची हकीकत ऐका.

बोखुम हे रूर खोऱ्यातील शहर. कोळसा व पोलाद यांवर हा सारा मुलूख जगत असे. १९५८ पासून स्वस्त तेल आणि परदेशी कोळसा यांपुढे तेथील खाणी टिकेनात. एकामागून एक बंद पडू लागल्या. तेव्हा दोन मार्ग धरण्यात आले. पहिला, नवे कारखाने आणण्याचा. १९६२ मध्ये जुन्या खाणीच्या जागेवर ओपेल कंपनीचा मोटारींचा कारखाना सुरू झाला व हजारोंना काम मिळाले. दुसरा मार्ग विद्यापीठाचा. लक्षावधी कामगारांच्या या मुलखात विद्यापीठ नव्हते. १९६५ मध्ये बोखुमच्या रूर विद्यापीठात अध्यापन सुरू झाले आणि कामगारांच्या मुलांना घरी राहून पदवी घेण्याची सोय झाली.

पुढे फिनलंडची नोकिया कंपनी तेथे टेलिफोन बनवू लागली. सरकारने तिला कोट्यवधींचे अनुदान दिले. तरीही २००८ मध्ये तिने कारखाना बंद करून काम रुमानियात हलविले. सुमारे २,३०० नोकऱ्या गेल्या. सरकारने अनुदान परत मागितले. अखेर तडजोड होऊन कंपनीने नव्या रोजगाराच्या योजनेसाठी २ कोटी युरो दिले. रुमानियातील कारखानाही २०११ मध्ये बंद झाला! डिसेंबर २०१४ मध्ये ओपेलचा कारखानाही थांबला. सुमारे ३,००० कामगारांवर ही पाळी आली.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. नोकियाच्या संशोधन विभागातील अनेक अभियंत्यांना त्याच शहरात ब्लॅकबेरी कंपनीने घेतले. ते केंद्र २०१४ मध्ये फोक्सवॅगन कंपनीने विकत घेतले. पाट्या दोनदा बदलल्या, काम राहिले. कारण कंपन्यांना हवी होती ती त्यांची विद्या. यंत्रावर एकच काम वर्षानुवर्षे करणाऱ्यांना असे कोणी बोलावले नाही. १९६१ च्या करारानंतर तुर्कस्तानातून आलेले मजूरही या मुलखातील खाणींत व कारखान्यांत होते. परक्या भाषेत, उतारवयात नवा हुन्नर शिकणे त्यांना किती जड गेले असेल, हे परमुलखात राबणाऱ्यांच्या घरांना सांगायला नको.

ओपेलच्या सुमारे ७० हेक्टर जागेवर शहराने नवी वसाहत उभी केली. तेथे टपाल पार्सलांचे मोठे केंद्र आले, त्याचप्रमाणे विद्यापीठाच्या संशोधनशाळा व संगणक-सुरक्षेचे उद्योगही आले. तथापि रूरमधील बेकारी आजही जर्मनीच्या सरासरीहून अधिक आहे. सरकारच्या हाती जादूची कांडी नसते. एका पिढीचे गेलेले काम पुष्कळदा पुढच्या पिढीलाच नव्या रूपात मिळते, आणि तेही ती शिकली असेल तरच.

म्हणून पालकांनो, कंपनीला दिलेला पैसा कंपनीबरोबर निघून जाऊ शकतो. मुलांच्या शिक्षणाला लावलेला पैसा घरातच राहतो. चार पैसे लवकर मिळतात म्हणून मुलाची शाळा सोडवू नका, आणि मुलीची तर मुळीच नको. विद्यार्थी मित्रांनो, आय.टी.आय.ला जा, डिप्लोमाला जा अथवा पदवीला. पण मालक बदलला तरी आपल्याजवळ राहील असे काहीतरी शिका. नोकरी लागली तरी पुस्तक मिटू नका. नाशिकचे मुक्त विद्यापीठ नोकरी करणाऱ्यांसाठीही आहे.

कारखान्याला टाळे लागू शकते, शिकलेल्या डोक्याला नाही.