नव्वद टक्के झालंय, साहेब

प्रोजेक्ट मॅनेजर म्हटलं की हिंजवडीतल्या काचेच्या इमारतीत बसणारा, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला तरुण डोळ्यांपुढे येतो. तो तर आहेच. पण सोसायटीचं रंगकाम करून घेणारे सेक्रेटरी, शाळेच्या नव्या खोल्या बांधून घेणारे मुख्याध्यापक, कारखान्यात नवं मशीन बसवून घेणारा सुपरवायझर, ही मंडळीही तेच काम करतात. दारावर तशी पाटी नसते एवढंच. ठरलेल्या पैशांत, ठरलेल्या तारखेला, दुसऱ्यांच्या हातून काम करून घ्यायचं. 'दुसऱ्यांच्या हातून' हेच त्यातलं खरं दुखणं. माझं आयुष्य बांधकामात गेलं, त्यामुळे उदाहरणं साइटवरची देईन. तुम्ही ती आपापल्या कामाला लावून बघा.

या धंद्यातला रोजचा प्रश्न म्हणजे, "काम कुठवर आलं?" आणि त्याचं रोजचं उत्तर, "नव्वद टक्के झालंय, साहेब." सोमवारी नव्वद, गुरुवारी नव्वद, पुढच्या सोमवारीही नव्वदच. सांगणारा खोटं बोलतो असं समजू नका. झालेलं काम त्याच्या डोळ्यांसमोर असतं, आणि ते खरोखरच पुष्कळ असतं. उरलेल्या दहामध्ये काय दडलंय, हे त्याला कुणी विचारलेलं नसतं.

स्लॅबचंच घ्या. खाली टेकू लागले, वर प्लायवूड बसलं, तळाच्या सळया बांधून झाल्या. बघणाऱ्याला वाटतं, झालंच की! पण तळाची सळई आणि वरची सळई यांच्यामध्ये विजेचे पाइप पडायचे असतात. त्याला इलेक्ट्रिशियनची तीन-चार पोरं लागतात, आणि काम असतं एखाद्या दिवसाचं. ती पोरं आली नाहीत की वरची सळई अडते, सळई अडली की चेकिंग अडतं, आणि चेकिंग झाल्याशिवाय काँक्रीटची गाडी बोलावता येत नाही. चार जणांपायी चाळीस जण बिड्या ओढत बसतात. बरं, ती पोरं का आली नाहीत याचा माग काढत गेलात, तर तो पुष्कळदा आपल्याच ऑफिसात येऊन थांबतो. त्यांच्या ठेकेदाराचं मागचं बिल कुणाच्या तरी टेबलावर सहीसाठी पडलेलं असतं. मग ज्या साइटवर पैसे वेळेवर मिळतात तिथे तो आपली पोरं पाठवतो. त्याच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर वेगळं काय केलं असतं?

तेव्हा टक्के विचारणं सोडा. पाइप पडले का? चेकिंग झालं का? अशा प्रश्नांना हो किंवा नाही, दोनच उत्तरं असतात. अर्धवट काम हिशेबात शून्य धरा. आणि "चला, दाखवा" म्हणून सांगणाऱ्याबरोबर जिना चढा. काम संगणकावरचं असेल, तर "चालवून दाखव" म्हणा.

झालेलं मोजण्यात कसा चकवा बसतो, हे कोकण रेल्वेवर चांगलं दिसतं. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झालं, त्याचे प्रमुख ई. श्रीधरन. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, तर गोव्यातल्या पेडण्याचा त्यापुढे अगदीच लहान. कागदावर पाहिलं तर करबुड्याची धास्ती वाटावी. प्रत्यक्षात करबुड्याला कातळ होता आणि पेडण्याला पाणी धरलेली मऊ माती. खणावं आणि ढासळावं, पुन्हा खणावं आणि पुन्हा ढासळावं. सबंध मार्गावर गाडी धावली ती २६ जानेवारी १९९८ ला, आणि अखेरपर्यंत ज्याने वाट पाहायला लावली तो पेडण्याचा बोगदा. किलोमीटर मोजत बसलेल्याला त्याआधीच मार्ग जवळजवळ झालेला दिसला असता. पुढे दिल्ली मेट्रोचं काम हाती घेतल्यावर श्रीधरन यांनी कार्यालयांत उरलेले दिवस दाखवणारी उलटी घड्याळं लावली. किती झालं ते त्यांत दिसतच नव्हतं. मला हा माणूस त्याच्या शिस्तीपेक्षा या घड्याळांसाठी जास्त आवडतो.

आता याच्याहून नाजूक गोष्ट. वाईट बातमी तुमच्यापर्यंत येते का?

समजा, सकाळी मुकादम येऊन सांगतो, "साहेब, बारा एमएमची सळई कमी पडतेय." उद्या स्लॅब भरायचा आहे. तुमचा पारा चढतो आणि तोंडातून निघतं, "मग इतके दिवस झोपला होतात का?" वाक्य कदाचित रास्त असेल. पण आजूबाजूला उभ्या असलेल्या दहा माणसांनी ते ऐकलं. पुढच्या वेळी सळई कमी पडली, की मुकादम तुमच्याकडे येणारच नाही. दीडशे मिलिमीटरवर बांधायची सळई तो पावणेदोनशेवर बांधेल. मोजलं नाही तर डोळ्यांना ते कळतही नाही. संध्याकाळी त्यावर काँक्रीट पडेल, आणि मग ते बघायचं झालं तर स्लॅबच फोडावा लागेल. त्याने तुम्हाला फसवायचं म्हणून हे केलेलं नसतं, ओरडा चुकवण्यासाठी केलेलं असतं.

म्हणून वाईट बातमी आणणाऱ्याला ऐकवायचं पहिलं वाक्य आधीच ठरवून ठेवा. माझ्या माहितीतला एक इंजिनीअर ठरल्यासारखं म्हणतो, "बरं झालं आत्ता सांगितलंत. किती कमी पडतेय?" मनातून तो पेटलेला असतो, कान लाल झालेले दिसतात, पण वाक्य तेच. सळई इतके दिवस कमी कशी पडली याची चौकशी तो करतोच, पण स्लॅब झाल्यावर, दार लावून, एकट्याला बसवून. त्याच्या साइटवर बातम्या लवकर पोचतात.

दुसरा नेहमीचा प्रसंग म्हणजे "एवढंच तर आहे". मालक रविवारी फेरफटका मारायला येतात, बायको-मुलं बरोबर असतात. भिंत अर्धी उभी असते. मालक गवंड्याला सांगतात, "ही जरा सहा इंच तिकडे घ्या, एवढंच." गवंडी बिचारा मालकाला काय नाही म्हणणार? सोमवारी तुम्ही येता तेव्हा भिंत सरकलेली असते. तिच्याबरोबर दाराची चौकट सरकते, विजेचा पॉइंट सरकतो, पलीकडच्या बाथरूममध्ये टाइल कापून बसवावी लागते, आणि जे कपाट मापाने बनायला गेलंय ते आता बसणारच नाही.

अशा वेळी मालकाशी हुज्जत घालू नका, आणि तोंड भरून "हो हो" सुद्धा म्हणू नका. म्हणा, "काका, करता येईल. काय काय बदलेल ते संध्याकाळपर्यंत लिहून देतो, मग सांगा." चार ओळी पुरतात: काय बदललं, पैसे किती वाढले, दिवस किती वाढले, त्यांचं 'चालेल' कधी आलं. फोनवर ठरलं असेल तर फोन ठेवल्या ठेवल्या व्हॉट्सॲपवर टाका, "आत्ता बोलल्याप्रमाणे..." पुष्कळांना हे अविश्वासाचं वाटतं, संकोच होतो. पण शेवटच्या बिलाच्या वेळी दोघांची स्मरणशक्ती दोन वाटांनी जाते, आणि तेव्हा जी भांडणं होतात त्यांतून वर्षानुवर्षांचे संबंध तुटलेले मी पाहिलेत. लिहून दिल्यावर निम्मे 'एवढंच तर' आपोआप मागे घेतले जातात, हा आणखी एक फायदा.

वरिष्ठांना नाही कसं म्हणायचं, हा प्रश्न तरुण मंडळी हमखास विचारतात. साहेब म्हणतात, "चौथ्या दिवशी टेकू काढा, वरचा मजला सुरू करायचाय." इथे "मला वाटतं, थांबू या" असं म्हणून चालत नाही. तुमच्या वाटण्याला साहेबांचं वाटणं भारी पडणार. आकडा पुढे करा. आयएस ४५६ या आपल्या भारतीय मानकात साध्या सिमेंटसाठी दिलंय, गाळा साडेचार मीटरपर्यंत असेल तर स्लॅबचे टेकू किमान सात दिवस ठेवा, त्याहून मोठा असेल तर चौदा. राखमिश्रित सिमेंट असेल तर आणखी दम धरावा लागतो. आणि नाही म्हणून गप्प बसू नका, पर्याय घेऊनच आत जा: "टेकूंचा आणखी एक सेट भाड्याने आणला तर वरचा मजला अडत नाही, खर्च इतका येतो." साहेबांना वरचा मजला हवा होता, टेकू काढण्याची हौस नव्हती. तरीही त्यांनी ऐकलं नाही तर? पैशाचा आणि तारखेचा वाद असेल तर तो साहेबांचा अधिकार, मान्य करा आणि कामाला लागा. पण डोक्यावर स्लॅब येण्याचा प्रश्न असेल तिथे सही करू नका. तिथे पद बघायचं नसतं.

काम मागे पडलं की सगळ्यांना एकच उपाय सुचतो: माणसं वाढवा. चर खणायचा असेल तर दुप्पट माणसांनी काम खरंच लवकर होतं. सगळीकडे तसं होत नाही. १९६० च्या दशकात आयबीएमच्या सिस्टिम ३६० संगणकांच्या मोठ्या कामाची धुरा फ्रेड ब्रुक्स यांच्याकडे होती. त्या अनुभवावर त्यांनी १९७५ मध्ये 'द मिथिकल मॅन-मंथ' हे पुस्तक लिहिलं. रखडलेल्या सॉफ्टवेअरच्या कामात माणसं वाढवली तर ते आणखी रखडतं, असं त्यांचं म्हणणं. कारण सरळ आहे. नव्याला काम समजावून सांगायला जुनाच माणूस बसतो, म्हणजे त्याचा हात थांबतो. शिवाय पाच माणसांत एकमेकांशी बोलण्याच्या दहा जोड्या होतात, तर दहा माणसांत पंचेचाळीस. माणसं मागण्याआधी बघा, अडलंय कुठे? इलेक्ट्रिशियनच्या बिलावर अडलं असेल तर वीस हेल्पर आणून काय करणार?

भांडणांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यांचा बाऊ फार केला जातो. गिलावा झाला, त्यावर प्लंबरने झिरी मारली, गिलावेवाला शिव्या देतोय. चूक कुणाची हा खटला तिथे चालवू नका. आज भिंत कोण दुरुस्त करणार आणि त्याची मजुरी कुठून जाणार, एवढं पाच मिनिटांत ठरवा. मग संध्याकाळी शांतपणे स्वतःचं वेळापत्रक काढून बघा. दोघांना एकाच आठवड्यात एकाच खोलीत कुणी पाठवलं होतं, ते त्यात लिहिलेलं सापडेल.

आणि वेळापत्रकावरून आठवलं. आपली वेळापत्रकं इंग्रजी कॅलेंडरवर आखलेली असतात, माणसं मात्र कालनिर्णयवर चालतात. गणपतीत कोकणातला माणूस थांबत नाही, होळीला आणि छठला बिहार-उत्तर प्रदेशातली पोरं थांबत नाहीत, आणि थांबावं असं म्हणणंही बरोबर नाही. तरी दरवर्षी साइटवर तोच आकांत: "अचानक सगळे गेले हो!" अचानक कुठलं? रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. ज्याने तिकीट काढलंय त्याचं जाणं दोन महिने आधी ठरलेलं असतं. शेजारच्या खाटेवरच्या मजुराला, चहावाल्याला, मुकादमाला, सगळ्यांना ते ठाऊक असतं. दिवाळीपुढची छठ आणि पुढची होळी आजच कालनिर्णयमध्ये बघून ठेवा, त्यातून साठ दिवस वजा करा, आणि त्या आठवड्यात चहाच्या वेळी सगळ्यांना विचारा, "गावाला कोण कोण जाणार, आणि परत कधी?" परतीची तारीख वहीत लिहून घ्या, जाताना हातात थोडी उचलही द्या. स्लॅबची तारीख त्यानंतर ठरवा.