सायकलीला कुलूप घेताना

आज बोलूया सायकलीच्या कुलपाविषयी.

आपल्याकडच्या कितीतरी मुली वस्तीवरून सायकलीनं फाट्यावर येतात, तिथं सायकल लावतात आणि एसटीनं शाळा-कॉलेजला जातात. सायकल दिवसभर एकटीच उभी. ती चोरीला गेली की रोजची पायपीट सुरू होते, आणि मग घरात कुणीतरी म्हणतं, "आता पुरे झाली शाळा." म्हणजे हे कुलूप नुसत्या सायकलीची नाही, पोरीच्या शाळेचीही राखण करतं.

बहुतेक सायकलींना मागच्या चाकावर गोल कुलूप असतं. ते चाक फिरू देत नाही, एवढंच. सायकल उचलून टेम्पोत टाकली तर ते काय करणार? दुकानापुढं पाच मिनिटं थांबायला ते ठीक. दिवसभरासाठी मात्र सायकल कशाला तरी बांधायलाच हवी.

बाजारात रंगीत केबल मिळते. ती जाड दिसते, पण बऱ्याचदा वरचं प्लॅस्टिकच जाड असतं आणि आतली तार बारीक. अशी तार कटरनं पटकन तुटते.

मग परवडणारं काय? हार्डवेअरच्या दुकानात लोखंडी साखळी वजनावर मिळते. 6 मिलिमीटर जाडीची, वेल्डिंग केलेल्या कड्यांची मीटरभर घ्या. ती साधारण पाऊण ते एक किलो भरते. कड्या नुसत्या वाकवून जोडलेल्या असतील तर घेऊ नका; त्या उचकटतात. कुलूप तिथंच निवडा. त्याची दांडी जाड हवी, आणि ती कडीतून जाते का ते पाहा. त्याच जातीच्या दुसऱ्या कुलपाची किल्ली आपल्या कुलपाला लावून बघा. उघडलं, तर ते परत ठेवा. घरी आल्यावर साखळीवर सायकलीची जुनी ट्यूब चढवा, म्हणजे रंग खरवडणार नाही.

आता बांधायचं कसं? नुसतं पुढचं चाक बांधू नका. नट ढिले केले की चाक तिथंच राहतं आणि सायकल जाते. साखळी मागच्या चाकातून आणि सायकलीच्या सांगाड्यातून घ्या, मग खांबाला किंवा खिडकीच्या गजाला बांधा. साखळी जमिनीवर लोळू देऊ नका. तिथं हातोड्याचा घाव नीट बसतो. खांब नसेल तर दोन मैत्रिणींनी सायकली एकमेकींना बांधाव्यात, एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं. अशी जोडी ढकलत नेता येत नाही.

पावसाळ्यात कुलपात शिलाई मशीनचं तेल दोन थेंब सोडा. दुसरी किल्ली घरीच ठेवा.

तोडता येत नाही असं कुलूप नसतं. पण वेळ लागला, आवाज झाला, की चोराला धाकधूक वाटते. म्हणून सायकल आडोशाला नको, चहाच्या टपरीसमोर, माणसांच्या नजरेत लावा.

आणखी एक काम आजच करा. सायकलीच्या सांगाड्यावर नंबर ठोकलेला असतो, बहुधा पायडलजवळच्या नळीखाली किंवा सीटखालच्या नळीवर. तो लिहून ठेवा, पावती जपा, फोटो काढा. चोरी झालीच, तर पोलिसांकडं लेखी तक्रार देताना हा नंबर द्या आणि पोच घ्या. सायकल सापडली तर ती आपलीच, हे त्यावरून दाखवता येतं.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढा. पाच-सहा जणींनी मिळून साखळी घेतली तर भाव करता येतो. आणि सगळ्यांच्या सायकलींचे नंबर गटाच्या वहीत एका पानावर लिहून ठेवा.