तयार साच्याच्या पलीकडे



वर्डप्रेसच्या साहाय्याने आज एखादी लहान शिक्षणसंस्थाही एका सायंकाळी आपले संकेतस्थळ उभे करू शकते. २००३ साली आलेली ही प्रणाली मुक्त परवान्याची आहे; तिची संहिता कोणीही वाचावी, कोणीही पालटावी. तरीही आपण तयार साच्यापाशीच थांबतो आणि त्याची किंमत आपल्या लिपीला मोजावी लागते.

अनेक साचे रोमन अक्षरे डोळ्यांसमोर ठेवून घडविलेले असतात. शीर्षकातील अक्षरांमध्ये अंतर सोडले की देवनागरीची शिरोरेषा तुटते. ओळी दाटीने बसविल्या की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात.

उपाय कठीण नाही. पानाचे रूप ठरविणारी सीएसएस ही भाषा १९९६ पासून प्रमाण मानली गेली आहे. वर्डप्रेसच्या ४.७ या आवृत्तीपासून, म्हणजे डिसेंबर २०१६ पासून, ‘अतिरिक्त सीएसएस’ लिहिण्याची सोय आहे. तेथे ‘लेटर-स्पेसिंग’ शून्य व ‘लाइन-हाइट’ १.७ करून पाहा. मजकूर लगेच मोकळा श्वास घेईल.

याहून मोठे बदल करावयाचे, तर मूळ थीमच्या फायलींना हात लावू नये. नवी आवृत्ती येताच ते पुसले जातात. प्रथम बॅकअप घ्यावा, मग ‘चाइल्ड थीम’ करून त्यात लिहावे.

आपली लिपी नीट दिसावी, ही चिंता साचा घडविणारा दूरचा कारागीर वाहणार नाही. ती आपणच वाहावयाची आहे. प्रारंभ दोन ओळींनी करा.