भांडवलाचे नाते आणि जनतेचे नाते
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा गोषवारा)



दोन देशांची मैत्री म्हटली की राजदूतांच्या मेजवान्या आणि सांस्कृतिक शिष्टमंडळे डोळ्यांपुढे उभी राहतात. आज मला इंडोनेशिया आणि कोरिया या देशांतील सामान्य माणसांच्या नात्याविषयी बोलावयाचे आहे. दक्षिण कोरिया आणि इंडोनेशिया यांच्या सरकारांनी राजनैतिक संबंध जोडले ते १९७३ साली. माणसांची गाठ त्याआधी तीस वर्षे पडली होती, आणि ती मोठ्या विपरीत परिस्थितीत.

दुसऱ्या महायुद्धात जपानने जावा बेट जिंकले. तेथील युद्धकैद्यांवर पहारा ठेवण्यासाठी त्याने आपल्या अंकित कोरियातून तरुण नेले. सैनिकांच्या वासनेसाठी कोरियन स्त्रियांनाही तेथे नेण्यात आले आणि जावातील स्त्रियांच्या वाट्यालाही तेच भोग आले. स्वतः गुलाम असलेला कोरियन तरुण असा साम्राज्याचा पहारेकरी झाला. आपणही या बाबतीत नाक वर करण्याचे कारण नाही. १९४५ साली सुराबायात इंडोनेशियन स्वातंत्र्यसैनिकांविरुद्ध ब्रिटिशांनी भारतीय पलटणी वापरल्या आणि त्यांत मराठा पलटणही होती.

परंतु याच पहारेकऱ्यांपैकी यांग चिल-सुंग हा तरुण युद्धानंतर गारुतच्या परिसरातील इंडोनेशियन गनिमांना जाऊन मिळाला. त्याने कोमारुदिन हे नाव घेतले. डचांनी त्याला पकडले आणि १९४९ साली गोळ्या घातल्या. पुढे १९७५ साली गारुतच्या वीरांच्या दफनभूमीत त्याला सन्मानाने स्थान मिळाले. मात्र थडग्यावर कोरले गेले ते जपानी सत्तेने त्याच्यावर लादलेले नाव. त्याचे कोरियन नाव लागावयास १९९५ साल उजाडले.

दुसरी गाठ कारखान्यात पडली. १९८७ च्या उठावानंतर कोरियन कामगारांनी झुंजून वेतनवाढ मिळविली. तेव्हा पादत्राणे आणि तयार कपडे यांचे कोरियन कारखानदार तांगेरांग, बकासीकडे वळले. तेथे सुहार्तोंची लष्करी राजवट होती आणि सरकारमान्य संघटनेखेरीज दुसरी कामगार संघटना चालत नव्हती. एका देशातील कामगारांचा विजय दुसऱ्या देशातील कामगारांच्या शोषणाचे निमित्त ठरला. या कारखान्यांनी रोजगार दिला, हे मी नाकारीत नाही. पण २०१८ साली बकासीतील एक कोरियन कारखानदार सुमारे तीन हजार कामगारांचे वेतन थकवून मायदेशी निघून गेला, हेही विसरता येत नाही. कामगारांनी आवाज उठविल्यावर २०१९ साली कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांना त्यात लक्ष घालावे लागले.

आता उलट दिशा पाहा. २००४ पासून कोरियात परवाना पद्धतीने परदेशी कामगार घेतले जातात. त्यांत इंडोनेशियन तरुण मोठ्या संख्येने आहेत. छोटे कारखाने, शेती, मासेमारी ही त्यांची कामे. मालक जाचक निघाला तरी कामाची जागा बदलण्यावर कायद्याचे निर्बंध आहेत. स्थलांतरित कामगारांची संघटना २००५ साली स्थापन झाली. तिला सर्वोच्च न्यायालयाची मान्यता मिळावयास २०१५ साल उजाडावे लागले. भांडवलाला सोलहून जाकार्ताला आणि जाकार्ताहून आणखी कोठेही जाता येते. माणसाला मात्र एका कारखान्यातून शेजारच्या कारखान्यात जाता येत नाही! ही विषमता कायम ठेवून मैत्रीचे सोहळे करणे ही शुद्ध फसवणूक होय.

तरीही मी निराश नाही. १९६५-६६ साली इंडोनेशियात कम्युनिस्ट ठरवून किमान पाच लाख माणसांची कत्तल झाली. १९८० च्या मे महिन्यात कोरियाच्या ग्वांगजू शहरात लष्कराने नागरिकांवर गोळ्या चालविल्या. कोरियन जनतेने आपल्या हुकूमशहाला १९९६ साली न्यायालयात दोषी ठरवून घेतले. त्याला पुढे माफी मिळाली, ही गोष्ट वेगळी. इंडोनेशियातील कत्तलीच्या सूत्रधारांवर मात्र खटलाही चालला नाही. त्या काळात कारावास भोगलेले आणि बळींसाठी झगडणारे बेजो उंतुंग यांना २०२० साली ग्वांगजूचा मानवाधिकार पुरस्कार देण्यात आला. एका शहराने आपली जखम न विसरता दुसऱ्या देशाच्या जखमेची दखल घेतली. जनतेचे नाते मी यालाच म्हणतो.

तरुण मंडळी विचारतील, कोरियन गाण्यांच्या वेडाचे काय? मी त्या वेडाची टवाळी करणार नाही. त्याच २०२० साली इंडोनेशियात कामगारविरोधी कायद्याविरुद्ध निदर्शने झाली, तेव्हा या गाण्यांच्या चाहत्या मुलामुलींनी आपली जुळणी निषेधाच्या प्रचारासाठी वापरली. मात्र गाण्यावरचे प्रेम गाणाऱ्याच्या देशात राबणाऱ्या आपल्या भावापर्यंत पोहोचले पाहिजे.

त्यासाठी मार्ग साधा आहे. तांगेरांगच्या कामगाराला आपल्या मालकाच्या देशातील कायदा कळला पाहिजे आणि सोलच्या कामगार संघटनेने त्याची तक्रार आपली मानली पाहिजे. कोरियात गेलेल्या इंडोनेशियन कामगाराला संघटनेत बरोबरीचे स्थान मिळाले पाहिजे. आपली माणसेही आखातात राबतात. म्हणून हा प्रश्न आपल्याला परका नाही. यांग चिल-सुंगला त्याचे नाव परत मिळावयास सेहेचाळीस वर्षे लागली. आज राबणाऱ्या माणसाला त्याचा हक्क मिळावयास तितकी वर्षे लागू नयेत, एवढेच माझे मागणे आहे.