वर्गातील उष्मा आणि मुलांचे सुख

(प्राथमिक शिक्षकांसाठी दिलेले व्याख्यान)



फाल्गुन संपत आलेला असतो. सकाळची शाळा अद्याप सुरू झालेली नसते. दुपारी अडीच-तीनच्या सुमारास पत्र्याच्या छपराखालील वर्ग तापून निघतो. अशा वेळी एखादा मुलगा वहीच्या पुठ्ठ्याने वारा घेऊ लागतो, दुसरा भिंतीकडून सरकत सरकत दारापाशी येतो, तर एखादी मुलगी पाणी पिण्यास जाण्याची परवानगी चौथ्यांदा मागते. मुलांचे लक्ष उडाले, शिस्त ढिली झाली, असे शिक्षकांस वाटते. वस्तुतः ही मुले एक शहाणपणाचा उद्योग करीत असतात. शरीरास होणारा त्रास ओळखून तो आपल्या हाताने दूर करण्याचा तो उद्योग होय. याच उद्योगाचा शास्त्रीय अभ्यास करण्यात इंग्लंडमधील एक संशोधक, प्राध्यापक मायकेल हम्फ्रीज, यांनी चार दशकांहून अधिक काळ वेचला. इमारतींत इंधनाची व विजेची बचत कशी करावी आणि तरीही आत राहणाऱ्या माणसास सुख कसे लाभावे, या प्रश्नाचे उत्तर त्यांना याच साध्या गोष्टीत गवसले.

प्रश्न समजण्यासाठी आधी शरीराचा व्यवहार ध्यानी घेतला पाहिजे. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरातून सुमारे १०० वॅट उष्णता सतत बाहेर पडत असते. जुन्या पद्धतीचा शंभर वॅटचा दिवा जेवढी शक्ती खर्च करतो, तेवढी. ही उष्णता तीन मुख्य वाटांनी जाते. काही अंगावरून जाणारी हवा नेते, काही भोवतालच्या भिंतींकडे व छपराकडे प्रारणाने जाते, आणि उरलेली घामाच्या बाष्पीभवनाबरोबर निघून जाते. छपराचा पत्रा त्वचेपेक्षा अधिक तापला म्हणजे दुसरी वाट उलटी वाहू लागते. छप्परच शरीरास उष्णता देऊ लागते. वाराही गरम असला तर पहिली वाट बंद होते. मग घाम ही एकच वाट उरते आणि हवा दमट असेल तर तीही अरुंद होते.

या सर्व व्यवहाराचे गणित मांडण्याचे श्रेय डेन्मार्कचे प्राध्यापक ओले फँगर यांना जाते. त्यांचा ग्रंथ १९७० साली प्रसिद्ध झाला. हवेचे तपमान, भिंती-छपरांचे प्रारण, आर्द्रता, वाऱ्याचा वेग, अंगावरील कपडे आणि शरीराचे श्रम, या सहा गोष्टी ठाऊक असल्या म्हणजे खोलीतील माणसांस सरासरी काय वाटेल, हे त्यांच्या समीकरणावरून काढता येते. ‘फार थंड’पासून ‘फार उष्ण’पर्यंत सात पायऱ्यांची एक मोजपट्टी त्यासाठी वापरतात. प्रयोगशाळेतील बंद खोलीत तरुण माणसांना बसवून घेतलेल्या शेकडो नोंदींचा या समीकरणास आधार होता. फँगर यांचे काम थोर होते आणि आजही ते उपयोगात आहे. खोलीतील परिस्थिती कितीही उत्तम ठेवली तरी शेकडा पाच माणसे असमाधानी राहतीलच, हेही त्यांनी प्रांजळपणे आपल्या गणितात धरले होते.

परंतु प्रयोगशाळेतील माणूस हा पाहुणा असतो. दिलेले कपडे घालून, दिलेल्या खुर्चीवर, ठरलेला वेळ तो बसतो. खिडकी उघडण्याची मुभा त्याला नसते. घरातील, कचेरीतील वा शाळेतील माणूस असा बसून राहतो काय? हम्फ्रीज यांनी नेमका हाच प्रश्न विचारला. १९६६ साली ते इंग्लंडमधील वॉटफर्डजवळच्या ‘बिल्डिंग रिसर्च स्टेशन’ या सरकारी संशोधन संस्थेत दाखल झाले. तेथे फर्गस निकोल हे त्यांचे सहकारी होते. त्याच संस्थेतील चार्ल्स वेब यांनी सिंगापूर, बगदाद आणि आपल्या देशातील रुडकी येथे लोकांच्या नित्याच्या जागी जाऊन नोंदी गोळा केल्या होत्या. रुडकी व बगदाद येथील नोंदींचे निकोल यांनी केलेले विवेचन १९७४ साली प्रसिद्ध झाले. उन्हाळ्यात, पंख्याच्या वाऱ्यात, तिशीच्या पुढील तपमानातही ही माणसे सुखाने काम करीत होती. इंग्लंडमधील कचेरीत एवढ्या तपमानात काम सोडून द्यावे लागले असते.

हम्फ्रीज यांनी मग निरनिराळ्या देशांतील अशा तीसहून अधिक पाहण्या एकत्र केल्या. लोकांना सुखावह वाटणारे तपमान कोठे १७ अंश सेल्सिअस, तर कोठे ३० अंशांच्याही वर असल्याचे त्यांना आढळले. १९७८ साली त्यांनी एक सोपे सूत्र मांडले. ज्या इमारती यंत्राने गरम वा थंड केलेल्या नसतात, त्यांत सुखाचे तपमान बाहेरच्या हवेच्या मासिक सरासरीबरोबर वरखाली होते. बाहेरची सरासरी एका अंशाने वाढली तर सुखाचे तपमान अर्ध्या अंशाहून थोडे अधिक वाढते. याचे कारण त्यांनी व निकोल यांनी आधीच सांगून ठेवले होते. त्रास होऊ लागला म्हणजे माणूस गप्प राहत नाही. पुन्हा सुख मिळेल असे काहीतरी तो करतो. तो सदरा सैल करतो, जागा बदलतो, खिडकी उघडतो, पाणी पितो, काम सावकाश करतो. सुख ही खोलीची देणगी नसून खोली आणि माणूस या दोघांच्या सहकार्याचे ते फळ आहे.

हा विचार मान्य होण्यास बराच काळ लागला. १९९८ साली रिचर्ड डी डिअर आणि गेल ब्रेगर यांनी १६० इमारतींतील सुमारे २१,००० नोंदी तपासल्या. यंत्राने थंड केलेल्या बंद इमारतींत फँगर यांचे गणित बरोबर ठरले. ज्या इमारतींच्या खिडक्या माणसांच्या हाती होत्या, तेथील लोक मात्र गणिताने सांगितले त्याहून कितीतरी मोठ्या मर्यादेत सुखी होते. २००४ साली अमेरिकेतील अभियंत्यांच्या मानकात या विचारास स्थान मिळाले. आपल्या देशात अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी पाच प्रकारच्या हवामानांत, १६ कचेऱ्यांमधून, ६,३३० उत्तरे मिळविली. २०१६च्या राष्ट्रीय इमारत संहितेत त्या कामाचा समावेश झाला. त्यांच्या सूत्रानुसार नैसर्गिक वायुवीजनाच्या इमारतीत, गेल्या तीस दिवसांची बाहेरची सरासरी २० अंश असेल तेव्हा सुखाचे तपमान सुमारे २३.६ अंश येते. सरासरी ३० अंश असेल तेव्हा ते सुमारे २९ अंश येते. येथेही एका अंशामागे अर्ध्या अंशाहून थोडी अधिक वाढ आहे. इंग्लंडमध्ये १९७८ साली मांडलेले प्रमाण भारतात नव्याने केलेल्या मोजणीत जवळजवळ तसेच निघाले.

यात बचत कोठे आहे? ज्यास २९ अंश पुरेसे सुखाचे वाटतात, त्याच्यासाठी खोली २० अंशांपर्यंत थंड करणे म्हणजे वीज जाळणेच होय. वातानुकूलन यंत्राची कळ एक अंश वर ठेवली तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने सांगितले आहे. २०२० पासून तारांकित यंत्रे मुळातच २४ अंशांवर लावून विकली जावीत, असा नियमही झाला.

गावच्या शाळेत असे यंत्र नसते. तेव्हा या संशोधनाचा तेथे काय उपयोग, अशी शंका येईल. उपयोग आहे, आणि तो फार जवळचा आहे. हम्फ्रीज यांनी शाळेतील मुलांचाच अभ्यास केला होता. १९७३ साली माध्यमिक आणि १९७७ साली प्राथमिक शाळांतील मुलांविषयीचे त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले. वर्गाचे तपमान, मुलांचे कपडे आणि त्यांचे समाधान यांचा त्यांत विचार होता. मूल हा असा माणूस आहे की, ज्याच्या हाती उपाय सर्वांत कमी असतात. त्याची जागा ठरलेली, गणवेश ठरलेला, खिडकीची कडी दुसऱ्याच्या हाती, आणि पाणी पिण्यासही परवानगी. प्रौढ जे न विचारता करतो, ते मुलास विचारून करावे लागते. म्हणून वर्गाचे सुख पुष्कळ अंशी शिक्षकाच्या अनुज्ञेवर अवलंबून असते.

मुलांची तक्रार नीट ऐकली तर आपली मराठी भाषाच निदान करून देते. ‘उकडते’ असे मूल म्हणते, तेव्हा बहुधा हवा कोंडलेली व दमट असते. समोरासमोरील दार-खिडक्या उघडाव्यात, वारा खेळू द्यावा. ‘डोके तापते’ असे म्हणते, तेव्हा दोष छपराच्या प्रारणाचा असतो. तेथे नुसती खिडकी उघडून भागत नाही. पत्र्यास वरून चुन्याचा पांढरा हात द्यावा, छपराखाली तट्ट्या वा अन्य आच्छादन घालून मध्ये हवेची पोकळी ठेवावी, पश्चिमेस कडुनिंब लावावा. ‘झळा लागतात’ असे म्हणते, तेव्हा बाहेरची हवाच शरीराहून उष्ण झालेली असते; त्या बाजूची खिडकी दुपारपुरती लावून सकाळच्या गारव्यात उघडी ठेवणे हिताचे. तीन शब्द, तीन कारणे आणि तीन निराळे उपाय.

याचा एक पाठही वर्गात घेता येईल. प्रारणासह जाणवणारी ऊब मोजण्यासाठी काळ्या गोलकात ठेवलेला तपमापक वापरतात. पूर्वी त्यासाठी सुमारे पंधरा सेंटिमीटर व्यासाचा तांब्याचा गोल लागे. घरातील मोजणीस सुमारे चार सेंटिमीटरचा गोल अधिक योग्य असल्याचे हम्फ्रीज यांनी १९७७ साली दाखवून दिले. टेबल-टेनिसचा चेंडू साधारण तेवढाच असतो! चेंडूस काळा रंग द्यावा, भोक पाडून तपमापकाचा फुगा त्याच्या मध्यभागी बसवावा, आणि शेजारी दुसरा उघडा तपमापक टांगावा. तापलेल्या पत्र्याखाली चेंडूतील तपमापक अधिक अंश दाखवील. तो फरक म्हणजे छपराने केलेली आगळीक. तासातासाने मुलांकडून नोंद करवावी आणि त्याच वेळी किती मुलांना उकडते, किती ठीक आहेत, हेही हात वर करवून मोजावे. आलेख, सरासरी आणि विज्ञान हे सारे एका खेळात साधते.

मात्र एक गैरसमज टाळला पाहिजे. ‘मुलांना उन्हाची सवय असते’ असे म्हणून या शास्त्राचा आधार घेणे हा त्याचा विपर्यास ठरेल. सेप्टचे सूत्र कचेरीतील प्रौढांवरून काढलेले आहे, आणि बाहेरची सरासरी सुमारे ३१ अंशांच्या पुढे गेली की ते लागू करता येत नाही. विदर्भ-खानदेशातील वैशाख त्या मर्यादेबाहेर जातो. शिवाय सवय आणि सोसणे यांत अंतर आहे. उपाय हाती असलेल्या माणसाचे जुळवून घेणे ही सवय होय. ज्याचे हात बांधले आहेत त्याचे गप्प बसणे हे केवळ सोसणे होय. हम्फ्रीज यांच्या साऱ्या शोधाचे मर्म या एका भेदात आहे. चक्कर, मळमळ, कोरडी पडलेली जीभ ही लक्षणे दिसताच मुलास सावलीत न्यावे, पाणी द्यावे आणि उपचाराची व्यवस्था करावी. तेथे सूत्राची वाट पाहू नये.

नवे छप्पर घालणे शिक्षकाच्या हाती नसते. त्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीने व ग्रामपंचायतीने पाऊल उचलले पाहिजे, आणि महिनाभराची चेंडूची नोंदवही त्यांच्यासमोर ठेवली तर मागणीस वजन येईल. पण खिडकीजवळची जागा आळीपाळीने देणे, गळ्याचे बटण सोडू देणे, पाण्याची बाटली जवळ ठेवू देणे, कठीण गणित सकाळच्या तासास घेणे, आणि तापलेली दुपार व्हरांड्यात वा झाडाखाली गोष्टीत घालविणे, हे सारे आजही त्याच्याच हाती आहे. उद्या एखादा मुलगा वहीच्या पुठ्ठ्याने वारा घेताना दिसला तर त्याला दटावण्यापूर्वी छपराकडे एकदा पाहावे, आणि काय होते ते त्यालाच विचारावे.