सीमेपलीकडे गाडी नेताना

आज आम्ही गटाच्या हिशेबाबद्दल बोलणार नाही, कर्जाबद्दलही नाही. आज बोलायचं आहे प्रवासाबद्दल. भाड्याची गाडी करून, बारा जणींनी मिळून, वर्धा जिल्ह्यातून थेट नेपाळात लुंबिनी आणि काठमांडूला जाऊन येण्याबद्दल. आम्ही ही वाट दोनदा धरली. पहिल्या वेळी चुकलो, दुसऱ्या वेळी नीट गेलो. दोन्ही वेळचं सांगतो, म्हणजे तुम्हाला पहिली खेप करावी लागणार नाही.

आमच्या गटात काहीजणींना लुंबिनी पाहायची होती, काहीजणींना पशुपतिनाथ. दोन्ही एकाच वाटेवर येतात, म्हणून वाद झाला नाही. गावातल्याच ओळखीच्या माणसाची गाडी ठरवली. कागद विचारले नाहीत. ‘आपलाच माणूस आहे’ एवढ्यावर भागलं. गोरखपूर गाठलं, तिथून शंभरेक किलोमीटरवर सोनौलीचा नाका. आणि तिथे सगळं अडकलं.

गाडी पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी. मालक घरी वर्ध्याला. ड्रायव्हरदादाकडे आरसी बुकाचा मोबाईलमधला फोटो, मालकाचं पत्र नाही. गाडी पुढे जाईना. म्हटलं, ठीक आहे, पायी पलीकडे जाऊ आणि तिकडची गाडी करू. तेव्हा ओळखपत्रं तपासली. आमच्यातल्या एक आजी सत्तरच्या. त्या आधार कार्डावर गेल्या. पण आमच्या काकू अठ्ठावन्नच्या. त्यांच्याकडेही आधारच होतं, मतदान कार्ड कधीच हरवलेलं. त्यांना जाता येईना.

काकू त्या दिवशी पहाटे उठून पांढरी साडी नेसल्या होत्या. लुंबिनीसाठी खास घेतलेली. त्या म्हणाल्या, ‘तुम्ही जा गं, मी बसते गाडीत.’ आणि आम्ही गेलो. मैत्रिणींनो, हे सांगताना आजही जड जातं. अकरा जणींपैकी एकही काकूंसोबत थांबली नाही. थांबले ते ड्रायव्हरदादा. आम्ही लुंबिनी पाहून संध्याकाळी परत आलो, काठमांडू रद्द केलं. परतीच्या वाटेवर कुणी गाणं म्हटलं नाही. काकूंनी एका शब्दानं बोल लावला नाही, तेच जास्त लागलं.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत आम्ही ठरवलं, पुन्हा जायचं. काकूंना घेऊन जायचं. आणि या वेळी दागिना गहाण ठेवताना बघतो तितक्या बारकाईनं सगळं बघायचं.

आता एकेक गोष्ट सांगतो.

पहिली गोष्ट, माणसांचे कागद. नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही. पण पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदान कार्ड लागतं. आधार कार्ड सगळीकडे चालतं म्हणून इथेही चालेल असं धरू नका. वय १५ पेक्षा कमी किंवा ६५ पेक्षा जास्त असेल तर आधारसारखं फोटोचं ओळखपत्र चालतं. म्हणूनच आमच्या आजी गेल्या आणि काकू राहिल्या. कार्ड हरवलं असेल, नाव चुकलं असेल, किंवा लग्नानंतरही नाव माहेरच्याच यादीत असेल, तर आठ नंबरचा फॉर्म भरायचा. गावातल्या बीएलओकडे जायचं. हे काम निघायच्या आठवड्यात होत नाही. आम्ही सहा महिने आधी बारा जणींची बारा कार्डं सतरंजीवर मांडून बघितली. चार कार्डांत काही ना काही चूक निघाली. एकीचा तर फोटोच ओळखू येत नव्हता.

दुसरी गोष्ट, गाडीचे कागद. भाड्यानं द्यायची गाडी पिवळ्या पाटीची हवी, काळी अक्षरं असलेली. पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्त पडते, पण ती भाड्यानं चालवायची नसते. अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. मग दवाखान्याचं बिल कोण भरणार? ड्रायव्हर की आपण? गाडी ठरवताना आरसी बुक, विमा, फिटनेस, पीयूसी, ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आणि ड्रायव्हरचं लायसन, हे सगळं तारखेसकट बघा. परत येईपर्यंत मुदत हवी, निघायच्या दिवसापुरती नव्हे.

आणि एक प्रश्न हमखास विचारा, ‘दादा, विमा नेपाळात चालतो का?’ आपल्या गाडीचा विमा साधारण भारतापुरता असतो. जादा हप्ता भरून तो नेपाळपर्यंत वाढवून घेता येतो. आमच्या गाडीवाल्यालाही हे माहीत नव्हतं. त्यानं विमा एजंटाला फोन केला, तेव्हा समजलं. तो हप्ता आम्ही भाड्यात धरला.

नाक्यावर गाडीसाठी ‘भन्सार’ भरावं लागतं. भन्सार म्हणजे त्यांचं कस्टम. किती दिवस राहणार ते आधी सांगायचं, त्या हिशेबानं पैसे. दिवस उलटले तर दंड बसतो. भाड्याच्या गाडीला त्यांच्या वाहतूक खात्याचा परवानाही लागतो. म्हणून याआधी नेपाळात गाडी नेलेला ड्रायव्हर शोधा. असा माणूस मिळालाच नाही तर गाडी अलीकडे राखणीत ठेवून पलीकडची गाडी करा. त्यात कमीपणा काही नाही.

तिसरी गोष्ट, पैसा. इथे बऱ्याच जणी फसतात. गाडीवाला म्हणतो, किलोमीटरला अमुक रुपये. आपण नकाशावरचं अंतर धरतो आणि खूश होतो. पण गाडीवाल्याची अट असते, रोजचे किमान ३०० किलोमीटर. आमचा प्रवास ११ दिवसांचा. म्हणजे ३,३०० किलोमीटरचे पैसे. आम्ही प्रत्यक्ष फिरलो सुमारे २,९००. काठमांडूत गाडी दिवसभर जवळपास उभी होती, तरी त्या दिवसाचे ३०० धरले गेले. ही अट चुकीची नाही, पण आधी माहीत हवी.

आमचा हिशेब असा. बारा जणींची टेम्पो ट्रॅव्हलर, किलोमीटरला २४ रुपये, म्हणजे ७९,२०० रुपये. दोन ड्रायव्हर, प्रत्येकी रोज ५०० भत्ता, ११ दिवसांचे ११,०००. टोल, पार्किंग, भन्सार, विम्याचा जादा हप्ता यासाठी १२,०००. एकूण १,०२,२००. बारा जणींत वाटले तर प्रत्येकी साडेआठ हजार. राहणं-जेवण रोजचे ६००, म्हणजे ६,६००. आणि अडीअडचणीला प्रत्येकी १,४००. असे १६,५०० रुपये. महिन्याला ७५० बाजूला टाकले, २२ महिने लागले. तुमच्याकडचे दर वेगळे असतील, पण रकाने हेच राहतील.

आणि एक नियम आम्ही पहिल्याच दिवशी लिहून ठेवला. हा पैसा गटाच्या बचतीतून काढायचा नाही, आणि प्रवासासाठी कुणीही गटाकडून कर्ज घ्यायचं नाही. वेगळी वही, वेगळा डबा. देव पाहून आल्यावर व्याज भरत बसायचं नाही.

गाडीवाल्याशी बोलणं तोंडी ठेवू नका. साध्या कागदावर लिहून घ्या: दर, किमान किलोमीटर, भत्ता, टोल कोणाचा, ड्रायव्हरच्या राहण्याचा खर्च कोणाचा, गाडी बिघडली तर दुसरी कोण देणार, किलोमीटर कुठून मोजायचे, आपल्या दारातून की त्याच्या गॅरेजमधून. निघताना आणि परतल्यावर किलोमीटरच्या आकड्याचा फोटो काढा. सगळे पैसे आधी देऊ नका.

चौथी गोष्ट, वेळ आणि वाट. आम्ही मार्चअखेर निवडला. कापूस विकून झाला होता, हरभरा निघाला होता, दहावी-बारावीचे पेपर संपले होते. पावसाळ्यात मात्र जाऊ नका. नेपाळच्या डोंगरात दरडी कोसळतात, रस्ता नदीच्या काठाकाठानं जातो. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या यात्रेकरूंची बस तिथल्या मर्स्यांगदी नदीत कोसळली. पंचवीसहून अधिक माणसं गेली. त्या बातमीनंतर आमच्या घरचेही जाऊ देईनात. त्यांचं चुकत नव्हतं. आम्ही त्यांना आमचे नियम वाचून दाखवले, तेव्हा होकार मिळाला.

नियम असे होते. अंधार पडल्यावर गाडी चालणार नाही. ड्रायव्हर दोन. दोघांना रात्री झोपायला खाट आणि पंखा. गाडीत बसल्याबसल्या झोप काढायला लावायची नाही. आपण खोलीत झोपायचं आणि ज्याच्या हाती आपला जीव, तो डासांत जागणार, हे कसं चालेल? दर दोन तासांनी थांबायचं. पाणी कमी पिऊन लघवी दाबून ठेवायची नाही. पेट्रोल पंपावर उतरायचं, लाजायचं नाही.

वाट अशी धरली. पहिल्या दिवशी नागपूरवरून जबलपूर. दुसऱ्या दिवशी प्रयागराज. तिसऱ्या दिवशी वाराणसी आणि सारनाथ. चौथ्या दिवशी कुशीनगर करून गोरखपूर. पाचव्या दिवशी सोनौली ओलांडून लुंबिनी. सहाव्या दिवशी काठमांडू. एक दिवस मुक्काम, त्यात पशुपतिनाथ आणि बौद्धनाथ, दोन्ही जवळजवळ आहेत. मग चार दिवसांत परत.

बारीकसारीक आणखी थोडं. तिकडे शंभर भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये होतात. मोठ्या नोटांचे नियम बदलत राहतात, म्हणून शंभराच्या नोटा जवळ ठेवा. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे असतं. शनिवारी तिथली सरकारी कार्यालयं बंद असतात. फास्टॅग तिकडे चालत नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या घ्या, अकराच्या नाही. घाटात गाडी लागते, त्यांना पुढे बसवा. दशम्या आणि कोरडी चटणी चार दिवस पुरली, पुढे डाळ-भात सगळीकडे मिळाला. कागदांच्या झेरॉक्सचा एक गठ्ठा गाडीत आणि एक गावात घरच्यांकडे ठेवा.

दुसऱ्या खेपेला सोनौलीच्या नाक्यावर दोन तास लागले. काकूंचं नवं मतदान कार्ड त्यांनी कमरेच्या पिशवीत ठेवलं होतं. तपासणाऱ्यानं कार्ड बघितलं, त्यांच्याकडे बघितलं आणि परत दिलं. एवढंच. लुंबिनीत मायादेवी मंदिराशेजारी अशोकाचा स्तंभ आहे. काकू तिथे बराच वेळ बसल्या. या वेळी आम्ही कुणीच ‘चला, उशीर होतोय’ म्हटलं नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या गटाला कुठेही जायचं असेल, नेपाळ सोडा, अगदी शेजारच्या राज्यात जायचं असेल, तरी पुढच्या बैठकीत सगळ्यांची कार्डं सतरंजीवर मांडा. ज्या एकीचा कागद अपुरा आहे, तिच्यापासून सुरुवात करा. तिचा कागद पुरा झाला की मगच गाडी ठरवा. निघताना जितक्या जणी, पोचतानाही तितक्याच असू द्या.